कणगीमागचा बागुलबुवा

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हा मुलूख सह्याद्रीच्या रांगांनी वेढलेला आहे. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर अशी एकाहून एक बेलाग ठिकाणे येथे उभी आहेत. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात भाताची खाचरे असून त्यांच्या कडेने कौलारू घरांच्या लहान लहान वाड्या वसल्या आहेत. सूर्य डोंगराआड गेला, की कड्याची सावली झपाट्याने खाली उतरते आणि पाहता पाहता अंगण, गोठा, ओटी व्यापून टाकते. तोरण्यास शिवाजी महाराजांनी प्रचंडगड असे नाव दिले. ते किती यथार्थ आहे, हे वेल्ह्यातील लहान मुलासही अशा वेळी न सांगता कळते.

जुन्या घरांत ओटीमागे माजघर असे. माजघराला खिडकी बहुधा नसेच. तेथे धान्याची कणगी शेणाने सारवून उभी केलेली असे, वर माळा आणि माळ्यावर अडगळ. आता घरोघरी विजेचे दिवे आले. तरी कणगीमागे, माळ्याच्या कोपऱ्यात थोडा काळोख शिल्लक राहतोच. मूल निजेना, जेवेना किंवा रडणे थांबवीना, की आजीचे बोट त्या काळोखाकडे वळते. "गप नीज बाळा, नाहीतर तो झोळीवाला बुवा येईल हं!" मूल तत्काळ गोधडीत तोंड लपविते. घरात शांतता होते आणि आजी आपल्या कामास लागते.

हा बागुलबुवा आजवर कोणी पाहिलेला नाही. त्यामुळे त्याचे रूप ज्याच्या त्याच्या कल्पनेप्रमाणे बदलते. कोणाच्या बागुलबुवाला शिंगे असतात, कोणाच्या बागुलबुवाचे पाय उलटे असतात. घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो फार उपयोगी प्राणी आहे. त्याला पगार द्यावा लागत नाही, जेवू घालावे लागत नाही, आणि नुसते नाव घेताच तो आपले काम चोख बजावतो. विहिरीच्या काठापासून, कड्याच्या टोकापासून पोरांना दूर ठेवण्याचे कामही त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु फुकट मिळालेल्या या चाकराची किंमत अखेर कोण देते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न एका चित्रपटाने विचारला आहे. त्याचे नाव 'मॉन्स्टर्स इन्कॉर्पोरेटेड', म्हणजे जणू 'राक्षस आणि मंडळी'. अमेरिकेतील पिक्सार या संस्थेने तो संगणकाच्या साहाय्याने तयार केला व २००१ च्या नोव्हेंबर महिन्यात तो तेथे सर्वत्र प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक पीट डॉक्टर यांना लहानपणी आपल्या खोलीतील कपड्यांच्या कपाटात राक्षस दडलेले असतात, असे खरोखरीच वाटत असे. वेल्ह्याच्या मुलाला जी कणगी, तेच तिकडच्या मुलाला ते कपाट. मोठेपणी डॉक्टर यांच्या मनात विचार आला, की कपाटात राक्षस असतात हे खरेच मानले, तर ते तेथे कशासाठी येत असतील? आणि रात्र संपल्यावर परत कोठे जात असतील?

चित्रपटात या प्रश्नांना मोठे गमतीदार उत्तर दिले आहे. राक्षसांचे एक स्वतंत्र नगर आहे. तेथे रस्ते आहेत, उपाहारगृहे आहेत, सकाळी न्याहारी करून कामावर जाणारी मंडळी आहेत. नगरातील दिवे, यंत्रे, वाहने सारी एकाच इंधनावर चालतात, आणि ते इंधन म्हणजे माणसांच्या मुलांची किंकाळी! एका भव्य कारखान्यात असंख्य दारे टांगून ठेवलेली असतात. प्रत्येक दार पृथ्वीवरील कोणत्या तरी एका मुलाच्या कपाटात उघडते. राक्षसाने आत जावे, निजलेल्या मुलाला दचकवावे, त्याची किंकाळी नळकांड्यात भरून घ्यावी आणि परत यावे. कोणी किती किंकाळ्या आणल्या, याचा हिशेब फळ्यावर मांडला जातो. गिरणीत काम करणाऱ्याप्रमाणे हे राक्षसही पाळीवर येतात, डबा आणतात, वरिष्ठांना भितात.

या कारखान्यात सर्वांत कुशल कामगार म्हणून सली याची ख्याती आहे. निळ्या केसाळ अंगावर जांभळे ठिपके, डोक्यावर दोन शिंगे, अस्वलासारखा अगडबंब देह असे त्याचे रूप आहे. त्याचा सोबती माइक हा हिरव्या चेंडूसारखा वाटोळा असून त्याला कपाळापासून गालापर्यंत एकच डोळा आहे. दोघे एकाच बिऱ्हाडात राहतात, एकमेकांची थट्टा करतात आणि एकमेकांवाचून त्यांचे चालत नाही.

आता गंमत अशी, की हे राक्षस स्वतःच मुलांना विलक्षण भितात. मुलाचा नुसता स्पर्श झाला तरी प्राण जातो, असे त्यांना लहानपणापासून शिकविलेले असते. एकदा कामावरून परतलेल्या एका राक्षसाच्या पाठीला मुलाचा लहानसा मोजा चिकटून येतो. लगेच धोक्याची घंटा वाजते, पिवळे पोशाख घातलेले पथक धावत येते, मोजा नष्ट केला जातो आणि त्या बिचाऱ्याच्या अंगावरील सारे केस भादरून टाकतात. हे पाहून प्रेक्षक पोट धरून हसतात. दाराच्या अलीकडे मुलाला राक्षसाचे भय आणि पलीकडे राक्षसाला मुलाचे भय, असे हे दुहेरी कुलूप आहे. ते ज्याने घातले त्याचा लाभ मात्र दोन्ही भयांवर चाललेला आहे.

एके रात्री एक दार चुकून उघडे राहते व त्यातून दोन-अडीच वर्षांची एक मुलगी राक्षसांच्या नगरीत येते. तिला कोणी भय शिकविलेले नाही असे नाही. रँडल नावाच्या सरड्यासारख्या राक्षसाला ती चळचळा कापते, कारण तोच रोज रात्री तिच्या खोलीत येत असे. पण सलीचे मऊ केस पाहून तिला तो एखादा मोठा मनीमाऊ वाटतो. ती त्याच्या मागे लागते, शेपटी ओढते, त्याच्या अंगावर झोपी जाते. तो घाबरून चिमट्याने खेळणे पुढे सरकवितो, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. हळूहळू मात्र त्याचे भय ओसरते. तो तिचे नाव ठेवतो 'बू'. माइक त्याला बजावतो, की नाव ठेवू नकोस. एकदा नाव ठेवलेस म्हणजे माया जडेल. तसेच घडते.

या चित्रपटाचा मर्मभाग यापुढे येतो. नव्या उमेदवारांना शिकविण्यासाठी कारखान्यात एक खोटी खोली केलेली आहे. मालकाच्या आज्ञेवरून सली तेथे आपली सुप्रसिद्ध गर्जना करून दाखवितो. त्याच्या दृष्टीने ती नित्याची कसरत असते. परंतु गर्जना संपवून तो वळतो, तो समोर बू उभी असते. तिच्या मुखावरचा रंग उडालेला आहे. तो हात पुढे करतो आणि ती किंचाळून मागे सरते. भोवतालच्या पडद्यांवर त्याचे स्वतःचे चित्र उमटलेले असते: दात विचकलेले, डोळे वटारलेले. इतकी वर्षे ज्या कामासाठी त्याची वाहवा झाली, ते काम दाराच्या पलीकडून कसे दिसते हे तो त्या क्षणी प्रथमच पाहतो. येथे कोणी उपदेश करीत नाही, संगीतही फारसे वाजत नाही. थिएटरात बसलेले मूल मात्र ओळखते, की राक्षसाला स्वतःची लाज वाटली. रागावलेल्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर असा भाव यावा, असे प्रत्येक मुलाला कधी ना कधी वाटलेले असते.

पुढील कथा धावपळीची आहे. कारखान्याचा वृद्ध मालक मोठा सभ्य, मधुरभाषी व सर्वांना वंदनीय असा दाखविला आहे. तोच अखेर मुले पळवून आणून त्यांच्याकडून बळाने किंकाळ्या काढण्याच्या कटातील मुख्य निघतो. धंदा बुडण्यापेक्षा हजार मुले पळविलेली बरी, अशी त्याची वृत्ती असते. सली व माइक यांना तो हद्दपार करून थेट हिमालयात फेकून देतो. तेथे ज्याच्या नावाने गिर्यारोहक थरारतात तो हिममानव त्यांना भेटतो; आणि तो निघतो अत्यंत आतिथ्यशील गृहस्थ, पाहुण्यांना बर्फाचे गोळे खाऊ घालणारा! तेव्हा राक्षस सारेच भले असतात, असे हा चित्रपट म्हणत नाही. रँडल दुष्ट आहेच. परंतु कोण भला व कोण बुरा हे शिंगांवरून किंवा मृदू बोलण्यावरून ठरत नाही, एवढे मुलांच्या सहज ध्यानात येते.

शेवटी एक शोध लागतो. बू खदखदून हसली, की नगरातील दिवे एकाएकी लखलखतात, काही तर फुटतात. हास्यात किंकाळीच्या दसपट शक्ती असल्याचे आढळून येते. तेव्हापासून राक्षस मुलांच्या खोलीत जातात ते त्यांना हसविण्यासाठी. एकाक्ष माइक विदूषकी करू लागतो आणि कारखाना पुन्हा जोमाने चालतो.

भोरच्या मुलांना या कल्पनेतील एक भाग इतरांपेक्षा लवकर उमगावा. त्यांच्या गावाजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. वीज कोठून तरी यावी लागते, तिच्यासाठी काहीतरी अडवावे, साठवावे व सोडावे लागते, हे ती मुले डोळ्यांनी पाहतात. वेल्ह्याच्या बाजूस पानशेत व वरसगाव येथील धरणांचे पाणी पुण्याच्या नळांना जाते. त्या पाण्याखाली येथील कित्येकांची शेते व घरे गेली. एका नगरीतील उजेडाची किंमत दुसरीकडच्या घरात मोजली जाते, ही गोष्ट त्यांना काल्पनिक वाटणार नाही. शिवाय पूल किंवा धरण टिकावे म्हणून मूल पुरावे लागते, अशी एक भयंकर समजूत आपल्या देशात जुन्या काळी ठिकठिकाणी पसरलेली होती. बांधकाम सुरू झाले, की आया मुलांना दाराबाहेर सोडीत नसत. किंकाळीवर चालणारे नगर ही कल्पना अमेरिकेत चित्रित झाली खरी, पण तिच्यातील भय येथील ओट्यांवरही बोलले गेले आहे.

चित्रपटाच्या कारागिरीविषयी थोडे सांगावयास हवे. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात, तेव्हा हालचालीचा भास होतो. संगणकाने काढलेल्या चित्रांत केस दाखविणे त्या काळी अत्यंत कठीण होते, आणि सलीच्या अंगावर तर २३ लाखांहून अधिक केस होते! तो धावला की ते मागे उडावेत, बर्फात भिजला की चिकटावेत, मुलीने मिठी मारली की दबावेत, यासाठी खास आज्ञावली रचाव्या लागल्या. त्याचे एकेक चित्र पूर्ण होण्यास संगणकाला कित्येक तास लागत. बूचा आवाज मेरी गिब्ज या खऱ्याखुऱ्या लहान मुलीचा आहे. ती एका जागी बसून बोलेना, म्हणून ध्वनिग्राहक घेऊन तिच्या मागे मागे फिरत तिचे बोबडे बोल टिपण्यात आले आणि चित्रे त्या बोलांना जुळवून घेण्यात आली. २००२ साली या चित्रपटातील गीतासाठी रँडी न्यूमन यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. पूर्ण लांबीच्या चलच्चित्रपटासाठी त्याच वर्षी प्रथम ठेवलेले पारितोषिक मात्र त्यास लाभले नाही. ते 'श्रेक' या चित्रपटाला मिळाले, आणि त्याचा नायकही एक राक्षसच होता.

भयानक रूपाच्या पण मायाळू प्राण्याविषयी मुलांना वाटणारी ओढ पाश्चात्त्यांनी निर्माण केली, असे मात्र समजू नये. महाराष्ट्रात रत्नाकर मतकरी यांनी 'निम्मा शिम्मा राक्षस' व 'अलबत्या गलबत्या' ही बालनाट्ये लिहिली. 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी अशी रंगविली, की मुले तिला भिऊन ओरडत आणि पुन्हा तिच्याच येण्याची वाट पाहत. त्याहून जुनी साक्ष पाहावयाची, तर शेताच्या बांधावर जावे. भोर-वेल्ह्याच्या खाचरांच्या कडेला शेंदूर फासलेला एखादा ओबडधोबड दगड दिसतो. तो म्हसोबा. त्याला नाक-डोळे नाहीत, मखर नाही, डोक्यावर बहुधा छप्परही नाही. ऊन, पाऊस, वारा सोशीत तो शेताची राखण करतो, अशी शेतकऱ्याची श्रद्धा असते. नांगर धरण्यापूर्वी वा कापणीच्या वेळी त्याला नारळ देतात.

या म्हसोबाचे नाव महिष या शब्दाकडे बोट दाखविते. थोर विद्वान दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची अशी दैवते पायी हिंडून पाहिली, आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात म्हसोबाचे महिषासुराशी असलेले नाते दाखविले. एके ठिकाणी देवी ज्याचा वध करते, तोच दुसऱ्या ठिकाणी तिचा पती म्हणून तिच्याशेजारी बसतो. पोथीतील असुर बांधावर येऊन राखणदार झाला! दिवाळीच्या पाडव्याला ज्याचे राज्य पुन्हा येवो, असे घरोघरी म्हटले जाते, तो बळीराजाही असुरच, प्रल्हादाचा नातू. ज्याच्याशी रोज गाठ पडते, ज्याच्या सोबतीने रात्री पाणी दारे धरावी लागतात, त्याला शत्रू मानून कुणब्याचे भागले नसते. त्याने त्या भयाला नाव दिले, शेंदूर लावला, नैवेद्य दिला आणि आपल्या घरचे करून घेतले. सलीच्या पाठीवर निजलेली बू निराळे काय करते?

बागुलबुवाचे तसे झाले नाही. त्याला बांधावर जागा मिळाली नाही. तो काळोखातच राहिला. आणि त्याला देह नसल्यामुळे घरातील माणसांनी त्याच्यासाठी दुसऱ्याचा देह उसना घेतला. सुगी झाली, की गावोगाव फिरस्ते येत. डौर वाजवीत भगव्या वस्त्रातील डवरी गोसावी येई. हळदीकुंकवाने माखलेला पोतराज अंगावर आसूड ओढीत येई. त्यांच्या काखेत झोळी असे. ती झोळी पसाभर दाण्यांसाठी असे, कारण त्या दाण्यांवर त्यांच्या मुलाबाळांचे पोट चाले. पण घरात दडलेल्या मुलाला सांगितले जाई, की रडणारी पोरे तो त्या झोळीत घालून नेतो. झोळीवाला बुवा हे नाव अशा रीतीने एका गरीब माणसाला चिकटले. त्याच्याही पालावर त्याचे मूल त्या रात्री निजत असेल, हे ओटीवरच्या कोणाच्या मनात येत नसे.

हे सारे केवळ बालपणापुरते राहते, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. २०१८ साली मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरली. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. अफवेने बिथरलेल्या जमावाने त्यांना मारहाण केली. पाचही जण मरण पावले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. त्यांना मारणारे लोक राक्षस नव्हते. ते बाजाराला आलेले, स्वतःच्या मुलांसाठी भ्यालेले गावकरी होते. चित्रपटात एका मोज्यासाठी धावून येणारे पथक पाहून हसू येते. राईनपाड्याची हकीकत ऐकल्यावर तेच दृश्य पुन्हा पाहिले, तर ते हसू अर्ध्यावर थांबते.

चित्रपटाच्या अखेरीस बूला तिच्या घरी परत पोहोचविले जाते आणि तिच्या खोलीत उघडणारे दार यंत्रात घालून त्याचा चुरा करण्यात येतो. सली त्या दाराची एकच कपची जपून ठेवतो. बरेच दिवस लोटतात. मग माइक त्याला एका खोलीत नेतो. त्याने सारे तुकडे वेचून, हातांना कुसळे टोचून घेत, ते दार पुन्हा जोडलेले असते. फक्त एक कपची कमी असते. सली ती बसवितो. दारावरचा दिवा लागतो. तो दार किंचित उघडून आत डोकावतो. मुलगी पडद्यावर दिसत नाही, तिचा आवाज मात्र ऐकू येतो, "मनीमाऊ!" सलीचा चेहरा उजळतो आणि चित्रपट तेथे संपतो.

वेल्ह्याच्या खोऱ्यात भात झोडून झाले, की आजही क्वचित एखादा डवरी गोसावी वाडीवर येतो. डौराचा आवाज आला, की पोरे धावत माजघरात जातात आणि दाराच्या फटीला डोळा लावतात. आजी सुपातून दाणे आणते. तेवढ्यात एखादे धीट मूल फटीतून बाहेर येते, आजीच्या पदराआडून झोळीकडे निरखून पाहते, आणि सूप आपल्या हाती मागते. गोसावी झोळीचे तोंड उघडून खाली वाकतो. आत नुकतेच कुणाच्या तरी घरून आलेले भात असते, आणि वर एक अर्धी भाकरी.